चौथा मुद्दा

माझ्या घटस्फोटित बायकोनं माझ्याविरुद्ध कोर्टात दिलेल्या अर्जात नऊ मुद्दे होते. त्यांतला चौथा खोटा होता. अठरा वर्षं मी तळवलीत भेटेल त्याला तो चौथा मुद्दाच सांगत आलो. इथे उरलेल्या आठांचं लिहितो.

चौथा मुद्दा असा: नवऱ्याने उकळते तेल ओतून माझा डावा हात भाजला. असं घडलं नव्हतं. माझ्या पुतण्याच्या हळदीला भावकीतल्या बायका मांडवामागे वडे तळत होत्या. कढई कलंडली आणि तेल तिच्या हातावर आलं. मी तेव्हा कंपनीत होतो. आमची मुलगी तिथेच खेळत होती, तिनं पाहिलं.

आता बाकीचं. त्यासाठी माझं काम सांगावं लागेल. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत मी फिटर होतो. गुळगुळीत केलेला शाफ्ट ठोकून बसवायचा असेल तर त्यावर थेट लोखंडी हातोडा मारत नाहीत. मध्ये लाकूड किंवा पितळेचा तुकडा धरतात. घाव आत पोचतो, वर खूण राहत नाही. नवीन आलेल्यांना मीच शिकवायचो, "मार जोरात, पण जॉबवर डाग नको."

घरी मी मुठीला ओला टॉवेल गुंडाळायचो.

पाठ, बरगड्या, मांड्या. तोंडावर कधीच नाही. मुलीला आधी तिच्या आत्याकडे पाठवायचो, मग रिकामा मिक्सर चालू करायचो. मिक्सरची तशी गरज नव्हती. पहिल्याच ठोशाला तिचा श्वास अडकायचा, ओरडणार कशानं? ती ओट्याची कड धरून वाकायची आणि मी वाकलेल्या पाठीवर मारायचो. खाली बसली तर केस धरून उठवायचो. कालवणात मीठ जास्त झालं, तिच्या भावाचा फोन आला, असं काहीतरी मी त्या वेळी बोलत असे. ती कारणं नव्हती. मला मारायचं असायचं. हात दुखला की थांबायचो आणि मग पोटभर जेवायचो.

अशी बारा वर्षं काढून ती गावकीपुढे गेली. पंचांनी एका बैठकीत काडीमोड केला. आमची तीन मजली बिल्डिंग गावठाणातच. सगळ्यात म्हाताऱ्या पंचानं निकाल दिला, "त्यो वर, ती खाली. पोर दोगांची. भांडान मिटला." बाईला छप्पर राहिलं, मुलीला आई-बाप दोघं राहिले, म्हणून सगळ्यांना हा निकाल फार शहाणपणाचा वाटला. तळमजल्यावरच्या खोलीला आणि माझ्या दाराला जोडणारा एकच जिना होता, हे बैठकीत कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसलो.

आधी नवरा म्हणून मारत होतो. मग नवरा नसताना मारू लागलो. फरक एवढाच, की टॉवेल वरून घेऊन जावा लागायचा.

शेवटी ऐरोलीहून तिचा भाऊ आला आणि तिला वकिलाकडे घेऊन गेला. तिथं काय झालं ते त्यानंच पुढे मला तोंडावर सुनावलं. वकील म्हणाला, "ताई, अंगावर काही दिसत नाही. कोर्टाला दाखवू काय?" मग त्याची नजर तिच्या भाजलेल्या हातावर गेली.

कोर्टाचा तात्पुरता मनाईचा हुकूम घेऊन हवालदार आला. तिच्या खोलीत शिरायचं नाही, बोलायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. सही घेताना तो हसला. "काका, जिना उतरताना आता देवाचं नाव घ्या." खाली उभा असलेला माझा चुलतभाऊ ओरडला, "आयला! स्वताच्या बिल्डिंगमधी बंदी!" सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो अर्ज हातात घेऊन तिच्या खोलीत गेलो.

"तेल मी ओतलं? मी?"

ती भांडी घासत होती. मागे वळलीही नाही. "नाय ओतलात. तुमचा खरा मार मला दाखवता येत नाय ना."

मी तिची मान धरली आणि मोरीतल्या पाण्याच्या पिंपात तिचं डोकं दाबलं. पाण्याचीही खूण राहत नाही. वर काढलं, पुन्हा दाबलं. तिची नखं पिंपाच्या प्लॅस्टिकवर घासत होती, तो आवाज अजून कानात आहे. तिसऱ्या वेळी तिचे हात पिंपाच्या काठावरून सुटले आणि लोंबू लागले. तेव्हाही मी सोडलं नाही. बाहेर शाळेची रिक्षा थांबली, मुलीचा आवाज आला, तेव्हा सोडलं. ती फरशीवर पडली आणि पाणी ओकली. मुलगी आत आली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "केस धुतले गो."

कोर्टात मुलीला नेण्याआधी मी एकच वाक्य पढवलं, "खरं तेवढंच सांग." ती अकरा वर्षांची होती. जजसाहेबांनी तिला जवळ बसवून प्रेमानं विचारलं, आईचा हात कसा भाजला? तिनं खरं तेवढंच सांगितलं. एक गोष्ट खोटी ठरली, तिच्याबरोबर आठ खऱ्या गेल्या. हुकूम उठला. त्या दिवशी मी बायकोच्या खोलीच्या दारात फटाक्यांची माळ लावली. माळ तडतडत असतानाच ती दोन पिशव्या घेऊन धुरातून बाहेर पडली आणि भावाकडे गेली. मुलगी माझ्याकडे राहिली. आई खोटं बोलली म्हणून ती आईला भेटत नाही, असं मी अठरा वर्षं धरून चाललो. ते मला सोयीचं होतं.

गेल्या महिन्यात मुलगी स्वतःच्या लग्नाची पत्रिका दाखवायला आली. छापायला जायची होती.

"पप्पा, आत्या बोलते, आईचं नाव नको. तुमचं काय?"

मी वर लिहिलंय ते सगळं तोपर्यंत वहीत लिहून ठेवलं होतं. वही तिच्यापुढे ठेवली. टॉवेलपर्यंत वाचून तिनं मान वर केली.

"हे माहितीये मला."

"काय?"

"आत्याकडून परत आले की दोरीवर तोच एक ओला असायचा."

"मग कोर्टात..."

"साहेबांनी टॉवेलचं विचारलंच नाय. तेलाचं विचारलं. तुम्हीच बोललेलात ना, खरं तेवढंच सांग?" तिचा आवाज चढला. "आईसमोर कुठल्या तोंडानं जाऊ म्हणून गेले नाय मी. आणि तुम्हाला वाटलं, पोरगी आपल्या बाजूनं!"

पिंपाचं मात्र तिला माहीत नव्हतं. ते पान तिनं उभ्यानं वाचलं आणि वही पर्समध्ये टाकून ती ऐरोलीला गेली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "आई येते. नाव छापते मी. पण ती बोलली, तो मांडवात नको."

"बरं," मी म्हणालो.

"आणि ही वही तुम्ही गावकीत वाचायची. मोठ्यानं. लग्नाच्या आधी."

तिनं वही परत पाठवली आणि मी वाचली. म्हातारा पंच आता राहिला नाही. त्याचा मुलगा मध्येच उठून गेला, बाकीचे बसून राहिले. माझी बहीण रडत म्हणाली, "कशाला रं उकरतोस?"

आज हळद आहे. मी सानपाड्यात कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याच्या घरी आहे. मघाशी बहिणीचा फोन आला. मागे बँजो वाजत होता.

"अरे, पोरीला हळद लावाला ये. बाप हायस ना?"

"मला मनाई आहे."

"ती तं कोर्टानं कवाच उठवली!"

"तीच पाळतोय," म्हणालो आणि फोन ठेवला.