मंजुळेला तमिळ येत नाही

माझ्या थोरल्या बहिणीनं, भामाक्कानं, जन्मात कोणाचं ऐकलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी अंबुजा, तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहते. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे हट्टी पोरं म्हणजे काय ते मला विचारा. पण अक्कापुढं मी केव्हाच हात टेकलेत.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती पापनाशमपलीकडच्या खेड्यात गेली, तेव्हा आठ दिवस रडत होती. साऱ्या गावात मराठी बोलणारं एकच घर, तिच्या सासरचं. नवरा, म्हणजे आमचे अनिरुद्धराव भावजी, तिथल्याच शाळेत हेडमास्तर. पुढं अक्काचं तमिळ असं काही सुटलं की भाजीवाली तिच्याशी घासाघीस करायला घाबरायची. गाव तिचं झालं. ओसरीवर बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ‘जेवलास का?’ म्हणून विचारायचं. मग तो बारा वाजता जात असो की चारला! मुलगा कार्तिकेय नोकरीसाठी चेन्नईला गेला, नऊ वर्षांपूर्वी भावजी वारले, तरी ही हलली नाही. मराठी बोलायला मागं उरली फक्त मंजुळा. मंजुळा म्हणजे गाय.

गेल्या पावसात अक्का गोठ्यात घसरून पडली. दोन तास तशीच पडून होती. शेवटी शेजारच्या कनकलतेनं बघितलं आणि उचललं. कार्तिकेय धावत आला, म्हणाला, आता पुरे, तू माझ्याकडं चल. अक्का म्हणाली, “बरं.” एवढ्या लवकर बरं? मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पोंगल झालं की निघायचं, घराला कुलूप लावायचं, मंजुळा आणि तिचं वासरू कनकलतेला द्यायचं, असं ठरलं. ठरल्यावर अक्कानं हळूच अट घातली. “मंजुळा तिथं रुळली, दूध दिलं, तरच मी गाडीत बसेन. मुकं जनावर उपाशी-तापाशी टाकून मी जाणार नाही.”

बुधवारी गाय शेजारच्या गोठ्यात गेली. सामान बांधायला म्हणून मी आलेच होते. गुरुवारी सकाळी कनकलता रिकामं भांडं घेऊन दारात. “अक्का, वासराला पाजते, पण माझा हात लागला की दूध वर ओढून घेते. थेंब देत नाही.”

“देणार कशी?” अक्का शांतपणे म्हणाली. “मंजुळेला तमिळ येत नाही.”

“अगं, गाईला कसली आलीय मातृभाषा!” मी ओरडले.

“हिनं काय, हिच्या आईनंही या घरात मराठीच ऐकलंय. तू तुझी गणितं सांभाळ.”

झालं! ओसरीवर शिकवणी सुरू झाली. गाढवापुढं गीता ऐकली होती, गाईपायी मराठीचा वर्ग पहिल्यांदाच बघितला. कनकलता मुलीची वही घेऊन बसली आणि अक्का सांगेल ते तमिळ अक्षरांत उतरवू लागली. ‘ये गं’, ‘उभी राहा’, ‘बाई, पाय घे’. आता तमिळ लिपीत ‘प’ आणि ‘ब’ला अक्षर एकच, ‘क’ आणि ‘घ’लाही एकच. दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन बघते तर कनकलता वहीत डोकं घालून मोठ्या भक्तिभावानं म्हणतेय, “पाई, पाय के! पाई, पाय के!” मंजुळेनं पाय उचलला तो थेट बादलीत. हसून हसून मी खालीच बसले. कनकलताही हसली. अक्का मात्र हसली नाही.

शनिवारी कार्तिकेय गाडी घेऊन आला. रजा फक्त रविवारपर्यंत. भांडं अजून रिकामंच होतं. अक्कानं बांधलेल्या बॅगेतून दोन साड्या काढून परत कपाटात ठेवल्या. “मावशी, तू तरी काहीतरी कर,” कार्तिकेय मला तमिळमध्ये म्हणाला. पोराला मराठी सगळं कळतं, बोलता येत नाही.

मी विचार करत बसले. सुट्टीत या घरी आले की सकाळी गोठ्यातून मला ऐकू यायचं. अक्का गाईच्या कुशीला कपाळ टेकून बराच वेळ काहीतरी पुटपुटायची, आणि मग धारांचा आवाज सुरू व्हायचा. ते पुटपुटणं वहीत कुठंच नव्हतं. रविवारी उजाडताच मी तिला न्हाणीघराच्या दारात गाठलं.

“अक्का, गाय पान्हा चोरते, ते कळलं. तू काय चोरतेयस?”

ती एकदम पायरीवरच बसली. “हे गेले, तेव्हा मंजुळेनं दोन दिवस तोंडात काडी घेतली नव्हती. तेव्हापासून रोज तिला सांगायचे, ‘मी कुठं जात नाही गं, इथंच आहे.’ की ती दूध सोडायची. जायचं ठरलं त्या दिवसापासून ते माझ्या तोंडून निघत नाही. माझ्याही हाताला दूध निम्मं झालं होतं, कोणाला सांगितलं नाही. खोटं कसं बोलू तिच्याशी? आणि कनकलतेला शिकवलं, तिला दूध दिलं, तर मग माझं इथं काय उरलं, अंबू?”

आणि रडली. भावजी गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. माझा सगळा राग कुठच्या कुठं गेला. तिचा हात धरून बसले. मलाही रडू आलं.

शेवटी तीच उठली. तोंड धुतलं आणि गुडघा सांभाळत शेजारी गेली. कनकलतेला एकेक शब्द सांगितला, आणि अर्थ विचारल्यावर अर्थही सांगितला. ते ऐकून कनकलतेनं वही बाजूला ठेवली. वासरू पाजून बाजूला बांधलं, मंजुळेच्या कुशीला कपाळ लावलं आणि म्हणाली, “मी कुटं जात नाही गं. इतंच आहे.”

एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा भांड्यात धार वाजली.

अक्का दाराला धरून उभी होती. आता ही कोसळते की काय, म्हणून मी पुढं झाले. तिनं मला हातानंच थांबवलं आणि भांडं भरेपर्यंत ऐकत राहिली.

“तिच्या तोंडी ते खरं आहे, अंबू,” ती म्हणाली. मग मागं वळून कार्तिकेयाला गाडी काढायला सांगितली.