शीर्षकाखालची कोरी ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून असेल.

त्याचं नाव बस्त्याव लोपीस. पापडी गावचा. माणिकपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा. मी साठे, सरकारी कचेरीत नकाशे काढणारा, चिपळूणहून येऊन माणिकपुरात फ्लॅट घेतलेला. आम्हाला जोडणारी गोष्ट एकच — विज्ञानकथांचं वेड. पन्नाशीला आलेली दोन माणसं रिक्षा स्टँडवर मंगळावरच्या हवेवरून भांडतात म्हटल्यावर लोक हसायचे. नव्वदच्या दशकात आम्ही एक हौशी अंक काढायला लागलो, 'परिभ्रमण' नावाचा. मी स्टेन्सिलवर, म्हणजे मेणकागदावर, मजकूर टाइप करायचो, ओळखीच्या टायपिंग क्लासमधल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती निघायच्या आणि माझ्या हॉलमध्ये फरशीवर पानं मांडून आम्ही त्या जुळवायचो.

अंकाला किंमत नव्हती. ही रीत बस्त्यावने थेट इंग्लंडहून उचलली. तिकडचे जुने विज्ञानकथाप्रेमी आपले अंक सहसा विकत नसत. तू तुझा पाठव, मी माझा पाठवतो. बस्त्यावने त्यांतल्या काही म्हाताऱ्यांचे पत्ते मिळवले आणि आमचा अंक त्यांना धाडू लागला. एकालाही मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरी बदल्यात ते आपल्याकडचे पिवळे पडलेले जुने अंक पाठवायचे. रीत ती रीत.

त्या अंकांतून त्याने एक लेख उभा केला — ब्रिटनमधल्या पहिल्यावहिल्या हौशी विज्ञानकथा-अंकांचा इतिहास. दुसऱ्या महायुद्धाआधीची ती पोरं, खिशात दमडी नाही, छापखाना परवडत नाही, म्हणून हाताने चालवायच्या यंत्रावर प्रती काढतायत, चंद्रावर माणूस कधी जाईल यावर पानंच्या पानं वाद घालतायत. वाचताना मला वाटलं, हे आपल्याविषयीच आहे. आणि लगेच दुसरं वाटलं — हे मी का नाही लिहिलं?

तिथपर्यंत यायला मला अजूनही जड जातं.

मी अंकात कथा लिहायचो. त्यांच्याविषयी कुणी कधी एक शब्द कळवला नव्हता. आणि हा लेख गाजणार, हे मला टाइप करतानाच कळत होतं. मी शीर्षक टाइप केलं, खाली 'बस्त्याव लोपीस' टाइप केलं, अख्खा लेख केला. मग भर दुपारी, क्लासमधली मुलं आजूबाजूला टकटक करत असताना, दुरुस्तीच्या लाल औषधाची बाटली उघडली आणि त्याच्या नावावरून ब्रश फिरवला. स्टेन्सिलवर ते औषध वाळलं की तिथून शाई उतरत नाही. माझं नाव मी लिहिलं नाही. — याच गोष्टीवर मी कितीतरी वर्षं काढली, माहीत आहे? मी कुठे माझं नाव लिहिलं? पण संपादक म्हणून पहिल्या पानावर मीच होतो. लोक काय समजणार, हे मला माहीत नव्हतं?

पानं जुळवताना बस्त्याव थबकला.

"काय रे साठ्या, मला कुठे गायब केलंस?"

"स्टेन्सिल फाटली तिथे."

"बरोबर माझ्याच नावावर?" तो हसला. "जाऊ दे. रेजिना म्हणेल, बरं झालं, लोपीसांची अब्रू वाचली."

रेजिना म्हणजे त्याची बायको. मीही हसलो.

वाचकांची पत्रं आली, सगळी मला. मी आभार मानले. मग मुंबईच्या एका वाचक मंडळाने भाषणाला बोलावलं, तेही मलाच. बस्त्यावला मी सांगितलं की संपादक म्हणून बोलावलंय. तो आनंदाने आला. इंग्लंडचे अंक लोकांना दाखवायला म्हणून गठ्ठा छातीशी धरून आला. अध्यक्षांनी 'या लेखाचे लेखक' अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं नाही. भाषणानंतर एकाने विचारलं, युद्धात कागद मिळत नव्हता, मग हे अंक टिकले कसे? मला आठवेना. मागून बस्त्याव उठला आणि त्याने सांगितलं — कसे वेगवेगळ्या गावांतले लोक आपापली दोन-चार पानं एकाकडे पाठवायचे आणि तो सगळ्यांची मिळून एका वेष्टनात टपालाने धाडायचा. मला वाचवायलाच उठला होता तो. अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "आमचे लोपीस. टपालाचं बघतात."

परत येताना तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर उतरल्यावर म्हणाला, "स्टेन्सिल फाटली नव्हती. होय ना?"

बघा, त्याने दार उघडून धरलं होतं. 'होय' म्हणालो असतो तर त्याने शिव्या घातल्या असत्या आणि कदाचित चहा पाजला असता.

मी म्हणालो, "फाटली होती."

त्याने गठ्ठा माझ्या हातात दिला. "मग हे तूच ठेव. लेख तुझा, तर पुरावेही तुझ्याच घरी बरे." आणि पापडीच्या रिक्षात बसला.

तो पुन्हा आला नाही. अंक बंद पडला. पुढे इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्याने अंकाच्या पत्त्यावर, म्हणजे मला, विचारलं: लोपीस ठीक आहेत ना? 'आता माझ्याकडे पाठवायला काही नाही, तेव्हा तुम्हीही पाठवू नका,' असं त्यांनी कळवलंय. मी उत्तर दिलं नाही. काही वर्षांनी एका संग्रहात तो लेख घेतला गेला. या वेळी खाली माझं नाव छापलं. मी होऊ दिलं.

तो लेख बस्त्याव लोपीसचा आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यातलं एकही वाक्य माझं नाही.

दोन हजारनंतर तो गेला. मी मातीला गेलो होतो. त्याची मुलगी नायगावला असते. तिने मला चर्चबाहेर गाठलं. महिन्याच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, छोटी पत्रिका काढत होती, डॅडींच्या फोटोखाली दोन ओळी हव्या होत्या. "अंकल, तुम्ही त्यांचे जुने मित्र. डॅडी काही लिहायचे का हो? मम्मी म्हणते लिहायचे, पण घरात काहीच सापडत नाही."

मी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं — 'त्यांना वाचनाची खूप आवड होती.'

तिने ते तसंच छापलं. मिस्साच्या दिवशी पत्रिका माझ्या हातात देताना म्हणाली, "थँक्यू अंकल."

मी ती घेतली आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.