तीन बटणांची पँट

माझी ताई शाळेच्या फाटकासमोर शिवणाचं दुकान चालवते. नवीन कपडे थोडेच, खरं काम गणवेश आल्टर करण्याचं. गेल्या वर्षी पोरींना पँट घोट्याशी इतकी घट्ट हवी होती की पाय आत घालताना त्यांचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. यंदा तीच पँट सैल करून द्या म्हणून रांग. मी शेजारी बसून काजं-बटणं करते आणि बडबडते, ताई गप्प. तिचा एकच नेम आहे: एका गिऱ्हाइकाची फॅशन दुसऱ्याला दाखवायची नाही. नवीन काही आलं की त्यावर जुनी चादर टाकते. या नेमामुळेच पोरी आमच्याकडे येतात, हे मलाही मान्य आहे.

तिची लेक त्याच शाळेत नववीत. एका जागी ठरत नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. ती इथे यंदाच आली आणि वर्गातल्या पोरींनी तिला काही जवळ केलं नाही. मधल्या सुट्टीत एकटीच फाटकापाशी येरझाऱ्या घालते, ते आम्हाला दुकानातून दिसतं. ताई तेवढा वेळ मान वर करत नाही. माझा मात्र जीव तुटतो.

परवा डॉक्टरीणबाईंची मुलगी आली. ती घालेल ती वर्गाची फॅशन, असा तिचा थाट. तिला पँटला घोट्यापाशी बाजूने चीर हवी होती आणि चिरेला तीन बटणं.

"सोमवारी घालणार आहे, काकू. तोवर कोणाला कळता कामा नये हं."

चादर पडली. पण घरचंच माणूस, किती लपवणार? भिंगरीने ती उचलून पाहिलीच.

मग घरात नुसती धुसफूस. जेवायला बसायची, उठायची, खिडकीपाशी जायची, परत यायची.

"आई, मलाही तशीच करून दे. तिच्याआधी."

"ती दुसऱ्याची आहे."

"एकदाच गं. मग सगळ्या माझ्याशी बोलतील."

शुक्रवारी संध्याकाळी ताईने लेकीची पँट मशीनवर घेतली. बटणं मी लावली. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? नेम-बिम गेला खड्ड्यात, असंच वाटलं मला.

शनिवारी मधल्या सुट्टीत भिंगरी धावत दुकानात आली, सोबत वर्गातल्या दोन पोरी. दोघींना अगदी तशीच पँट हवी होती. एकीने तिच्या खांद्यावर हात टाकला होता. पोरीचा चेहरा एवढा फुललेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची मुलगी आपली पँट न्यायला आली. आरडाओरडा काही केला नाही तिने. भिंगरीच्या घोट्याकडे पाहिलं आणि ताईला विचारलं, "काकू, ही आयडिया हिची की माझी?"

सगळ्या ताईकडे बघायला लागल्या. मी मनात म्हणत होते, बोल बाई, हिचीच म्हण. एवढंसं खोटं बोलल्याने काय आभाळ कोसळणार होतं?

"तुझी," ताई म्हणाली. "तुझी पँट आधी आली होती. चूक माझी आहे, बाळ. माफ कर मला."

चौदा वर्षांच्या पोरीपुढे माफी. मला इतका संताप आला की मी हातातला बटणांचा डबा आदळला. खांद्यावरचा हात केव्हाच निघाला होता. त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि निघून गेल्या.

"माझी चीर बंद करून टाका," डॉक्टरीणबाईंची मुलगी म्हणाली. "आता नको मला ती." आणि स्टुलावर बसून राहिली.

भिंगरी पांढरीफटक पडली होती. "तू माझी आई आहेस की त्यांची शिंपीण?" तिने विचारलं.

ताईने चीर बंद करायला ती पँट मशीनवर घेतली. सुईत दोरा ओवायला गेली, चुकला. परत गेली, परत चुकला. मी उठणार, तोच भिंगरी पुढे झाली. तिने आईच्या हातातून दोरा घेतला, ओवला, "कर आता," म्हणाली आणि रस्ता ओलांडून एकटीच शाळेत गेली.