भिंगरीचा अर्धा तास

माझा जावई बसत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. लग्नाच्या एकाही फोटोत त्याचा चेहरा धड आलेला नाही; फोटोग्राफर बटण दाबायला आणि हा कुणाची तरी खुर्ची सरकवायला उठायला एकच गाठ. पहिल्यांदा घरी आला तेव्हाच मी लेकीला आत नेऊन विचारलं होतं, "अगं, हा माणूस आहे की भिंगरी?" ती हसली आणि तिनं लग्नाला होकार दिला. नाव मात्र चिकटलं. सुरुवातीला महिनाभर जावईबापू, अहो-जाहो वगैरे करून पाहिलं, पण आपलं वाक्य संपेपर्यंत जो समोर उभा राहत नाही त्याला आदरार्थी बहुवचन पुरवायचं म्हणजे फार दमायला होतं.

तो काय करतो असं कुणी विचारलं की लेक "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून मोकळी होते. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलंय, माझं तेवढ्यानं भागत नाही. मी खोदखोदून विचारलं, तेव्हा कळलं ते असं. मोठ्या संस्थेचं काम एका यंत्रावर चालत नाही. पाच-सहा लागतात. ती आपल्यासमोर नसतात. कुठल्यातरी लांबच्या थंडगार दालनात, भाड्यानं घेतलेली. त्यांना सर्व्हर म्हणायचं. सर्वांत पुढचा नुसता दारात उभा राहतो आणि येईल त्याला मोकळ्या सर्व्हरकडे धाडतो. मधले प्रत्यक्ष काम करतात, एकाच्या पोटात सगळी माहिती, आणि शेवटचा त्या माहितीच्या प्रती सांभाळतो. येतात तेव्हा सगळे कोरे. त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची, कुणी कुणाशी बोलायचं आणि कुणाला दारात उभंही करायचं नाही हे ठरवून द्यायचं, हे भिंगरीचं काम. आणि ते सगळं एका काळ्या खिडकीत ओळी टाइप करून. चित्र नाही, बटण नाही. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. लांब कुठेतरी काहीतरी घडतं. किंवा बिघडतं.

हे काम तो माझ्या मागच्या खोलीत करतो. त्यांचं घर जिन्यापलीकडे समोरच आहे, पण वरच्या मजल्यावर फरशा फोडणं चालू झालं आणि हा लॅपटॉप काखेत मारून इकडे आला तो राहिलाच. खोलीत टेबल आहे, खुर्ची आहे. वापरात खिडकीची चौकट. लॅपटॉप चौकटीवर, हा उभा, एक पाय सतत हलतोय.

नोकऱ्यांचं म्हणाल तर पहिली यानं सोडली, दुसरी यानं सोडली, तिसरीनं याला सोडलं. काम येत नाही म्हणून नव्हे. काम फार येतं. पण कुणी "थांब" म्हटलं की याच्या अंगाला मुंग्या येतात. आताच्या कंपनीत एक पद्धत आहे. नव्या माणसानं सर्व्हरला हात लावायचा तर शेजारी जुनं माणूस बसतं. शेजारी म्हणजे स्क्रीनवर. तिकडून प्रत्येक अक्षर दिसतं. याच्यावर नेमलेली मुलगी याच्याहून खूप लहान, तरी हा तिला मॅडम म्हणतो. मी पहारेकरीण म्हणते.

"आई, एंटर दाबायच्या आधी तिला विचारायचं. चाळिशीचा माणूस मी!"

"मग चाळिशीसारखा वाग ना. काल चहा गाळायच्या आधी साखर शोधत तीन डबे उघडे टाकून गेलास."

तर त्या दिवशी पहारेकरणीनं त्याला पहिल्यांदा एकट्याला सोडलं होतं. डायलिसिस केंद्रांच्या वेळा नोंदवायचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायचा होता. केंद्रातल्या बायकांनी आठवडाभर बसून पेशंटची नावं, वार, वेळा आधीच भरून ठेवल्या होत्या. सहाही सर्व्हर उभे होते. राहिलं होतं फक्त बाहेरच्यांना रोखणारं कुंपण घालायचं. फायरवॉल. संध्याकाळी मॅडम बघणार. नीट झालं तर इथून पुढे हा एकटा काम करणार, कुणी शेजारी बसणार नाही. नाही झालं तर तिचं शेजारी बसणं चालूच. आणि मला ठाऊक होतं, बसणं चालू राहिलं तर हा महिन्याभरात चौथी नोकरी सोडणार. लेकीलाही ठाऊक होतं. सकाळी दवाखान्यात कामावर जाताना ती मला म्हणाली, "आई, आज त्याला काही बोलू नकोस." मला! जणू मीच सर्व्हर पाडते.

दुपारी मी मटार घेऊन बाहेरच्या खोलीत बसले होते. आतून पावलांचा आवाज येत होता, खिडकी ते दार, दार ते खिडकी. मग एकदम आवाज थांबला. या माणसाची पावलं थांबली की मला धस्स होतं. मी आत गेले.

तो खुर्चीवर बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही."

"तू बसलायस. काय झालं?"

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. काळी खिडकी तशीच, त्यात एक पांढरा चौकोन. त्यानं एक अक्षर दाबलं. उमटलं नाही. दुसरं दाबलं. तेही नाही.

"मी कुंपण घातलं. सगळ्यांना एकदम. पेशंटवाल्यांसाठी दार ठेवलं आणि माझं स्वतःचं ठेवायचं विसरलो."

"म्हणजे तू बाहेर?"

"मी बाहेर. सगळ्यांच्या बाहेर."

एकेकाला सांगायचा कंटाळा म्हणून यानं एक छोटी युक्ती लिहून ठेवली होती. एकच हुकूम सगळ्यांना एका दमात पोचायचा. चूकही तशीच पोचली. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग त्याचा चेहरा पाहिला आणि आवरलं.

"आता?"

"पुढच्याला रीस्टार्ट मारून बसलोय." तो कपाळावर हात घासत होता. "सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या पानावर बटण आहे, दाबलं. हात गेला आई, डोकं नंतर आलं."

"मग बाकीच्यांनाही मार की! बसलायस काय?"

"नाही!" तो ओरडला. माझ्यावर पहिल्यांदाच. "बाकीच्यांना हात लावायचा नाही. कुंपण घालायच्या आधी मी प्रत्येकात एक उलटा हुकूम ठेवलाय. अर्ध्या तासात मी परत येऊन रद्द केला नाही, तर कुंपण आपोआप पाड. मॅडमची शिस्त, मी कटकट म्हणत होतो. पण तो हुकूम नुसता चालत्या यंत्राच्या डोक्यात आहे. रीस्टार्ट केलं की यंत्र तो विसरतं. कुंपण मात्र विसरत नाही."

"मग तू दाबलंस त्या पुढच्याचं काय?"

"तो गेला. तो आता उघडणार नाही."

"आणि पेशंटची माहिती?"

"ती मागच्या माहितीवाल्यात आहे. तो अजून चालू आहे. मी काही केलं नाही तर उघडेल."

"मी काही केलं नाही तर" हे शब्द त्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे माशानं कोरड्यावर राहायची शपथ घेणं. त्याचा उजवा हात माउसकडे जात होता, डावा त्याला अडवत होता.

"पण समजा हुकूम लिहितानाच चुकलो असेन तर?" तो उठला. "एकदा बघू का रीस्टार्ट करून? एखाद्यालाच?"

मी स्वतः बँकेत रांग हलेना की पुढच्याच्या खांद्यावरून डोकावणारी बाई. कुणी काही न करता बसलेलं मला बघवत नाही. पण हा प्रश्न माझ्याही डोक्यानं सुटण्यासारखा होता: जिथे फायदा फक्त वाट बघण्यात आहे, तिथे हात बांधायचे.

"इकडे ये," मी म्हटलं. लॅपटॉप उघडाच ठेवून त्याला बाहेर ओढला, समोर मटारची पाटी सरकवली. "सोल."

"आई, आत्ता?"

"आत्ताच. हात कामात राहतील."

अशी मटार सोलणी मी जन्मात पाहिली नाही. दाणे सोफ्याखाली गेले, पंख्याला लागले, एक माझ्या चष्म्यावर. तो चार शेंगा सोलायचा आणि मान वळवायचा.

"झाला असेल अर्धा तास."

"नाही झाला. खाली बघ."

"तुमचं घड्याळ मागे आहे."

"माझं घड्याळ मागे असेल, पण तुझं डोकं पुढे पळतंय. सोल."

"आई, मॅडमला आधीच फोन करू का?"

"सांगायचं काय? पाच उघडले म्हणून की नाही उघडले म्हणून? आधी कळू दे."

"आणि पुढचा मी गुपचूप नव्यानं उभा केला तर? त्याच्या पोटात काही नसतं. संध्याकाळपर्यंत होईल. कुणाला कळणारही नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. तोही माझ्याकडे पाहत होता. म्हणजे हा विचार त्यानं शेंगांबरोबर बराच वेळ सोलला होता.

"तुझ्या पोटात राहील का?" मी विचारलं. "माझ्या लेकीच्या वाढदिवसाचं गिफ्ट तू तिला आदल्या दिवशी सांगून मोकळा झालास."

त्यानं पुढची शेंग उचलली. मग आतून लॅपटॉप टिंग करून वाजला आणि पाटी उलटी. मी मागून पोचेपर्यंत तो काळ्या खिडकीत टाइप करत होता. अक्षरं उमटत होती. एक, मग दुसरा, मग माहितीवाला. त्यानं आत डोकावून पाहिलं, नावं, वार, वेळा, सगळं जागेवर. पाच उघडले. सहावा, पुढचा, तसाच बंद.

त्यानं तिथल्या तिथे फोन लावला. स्पीकरवर, कारण फोन कानाला धरून उभं राहणं याला जमत नाही. सगळं सांगितलं, आपण केलेल्या रीस्टार्टसकट.

"बाकीच्या पाचांना हात लावलास?" मॅडमनं विचारलं.

"नाही."

"अर्धा तास? तू?"

"मटार सोलत होतो."

"काय?"

"सासूबाईंनी बसवलं."

पलीकडे ती हसली की खोकली, कळलं नाही. मग म्हणाली, "मी आल्यापासून तिघांनी स्वतःला असं बाहेर कोंडलंय. तिघांनीही घाबरून सगळ्यांना रीस्टार्ट मारलं आणि मग माझ्यापासून लपवलं. पुढचा नव्यानं उभा कर. मी बसत नाहीये. झाला की कळव."

"एकटा?"

"एकटा. सासूबाई असतील तर असू देत."

फोन ठेवल्यावर त्यानं खोलीला दोन चकरा मारल्या, खिडकी उघडली, लावली, पाणी प्यायला, अर्धा ग्लास टेबलावर सोडला. मग चौकटीपाशी उभा राहून कामाला लागला. नवा सर्व्हर उभा राहिला, ओळखी झाल्या. कुंपणाची ओळ लिहून झाली आणि त्याचं बोट एंटरवर जाऊन थांबलं. तो ओळ वाचत होता, ओठ हलवत. वरून खाली. पुन्हा वरून.

"अरे दाब ना," मी म्हटलं. "किती वेळ लावतोस!"

"थांबा, आई," तो म्हणाला.