बाळंतीण झोपली आहे असं वाटलं तेव्हा

नर्सिंग शिकवणाऱ्या मैत्रिणींनो, आज लातूरला वॉर्डात माझी विद्यार्थिनी एका बाळंतिणीची नाडी बघायला गेली. सासूबाईंनी तिला अडवलं. "रातभर जागी हाय माय ती. आत्ताच डोळा लागलाय, उठवू नको."

मुलगी पाय न वाजवता परतली.

मला राहवलं नाही. पांघरुणात हात घातला. तिचा हात गार, घामेजलेला, नाडी पळत होती. खालची चादर रक्तानं भिजली होती.

गर्भाशय आवळून रक्त थांबावं म्हणून तिचं पोट चोळतच मी डॉक्टरांना हाक मारली. रक्त थांबेपर्यंत सासूबाई सुनेचे पाय धरून बसल्या होत्या.

सून आता बोलतेय. विद्यार्थिनी मात्र रडत म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगता ना, रुग्णाची झोपमोड करू नका?"

सांगते खरं. 'झोपमोड करू नका, पण...' हे वाक्य तुम्ही वर्गात पुढं कसं पुरं करता?