मागच्या भिंतीच्या रजया

गाणं ऐकावं तर तांता शहराच्या स्टेशनावर तिकिटं तपासणाऱ्या अब्देलमोगनीच्या बैठकीच्या खोलीत, असं सगळी गल्ली म्हणायची. आवाज कसा मऊ यायचा, शब्द न् शब्द सुटा. श्रेय तो आपल्या जर्मन टेपरेकॉर्डरला द्यायचा. त्या मशीनला कुणी हात लावलेलं मात्र त्याला खपायचं नाही.

मुलगी नजाह सात वर्षांची झाली तेव्हापासून बायको इन्साफ तिच्या लग्नासाठी दरसाल एक रजई पिंजाऱ्याकडून भरून घ्यायची. बैठकीच्या मागच्या भिंतीशी त्यांची छताला टेकेल अशी थप्पी लागली.

“माझ्या बैठकीचं गोदाम केलंस,” तो कुरकुरायचा.

मग नजाहचं लग्न ठरलं. साऱ्या रजया उघड्या ट्रकवर चढल्या आणि गल्लीभर मिरवत सासरी गेल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी त्याने नेहमीची कॅसेट लावली, तर गाणारी जणू विहिरीत बसून गात होती. त्याने मशीन पुसलं, कॅसेट बदलली, दुकानदाराला शिव्या घातल्या.

चहा घेऊन आलेल्या इन्साफने उघड्या भिंतीसमोर एक टाळी वाजवली. टाळी खणखणत परत आली.

“मशीन धडधाकट आहे, नजाहच्या बाबा,” ती म्हणाली. “घर रिकामं झालंय.”

भिंतीवर टांगायला तिने स्वतःच्या पलंगावरची रजई काढून आणली.

“थांब जरा,” तो म्हणाला. त्याने टेप बंद केली आणि भिंतीकडे तोंड करून हळूच हाक मारली, “नजाह.”

हाक तशीच परत आली. मग त्याने खिळा मागितला.