काम काही नाही, फिरायला आलोय

मोरूभाऊ गेल्याचं मला कळलं ते सुमनवहिनींच्याच फोनवरून. "अगं, चहा प्यायले, आणखी अर्धा कप मागितला, मी आत जाऊन आणेपर्यंत…" त्याला आता पाच आठवडे झाले. नव्वदीला टेकलेला माणूस असा सुखाने गेला तर रडायचं किती, हे माझं मलाच ठरवता येत नाही. कारण त्यांची आठवण निघाली की मला आधी हसू येतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची, चिंचणीच्या वाडीवाल्या घरातली, आणि तलासरीजवळच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागलेली. मुलं वारली पाड्यांवरची. त्यांची बोली मला कळेना आणि माझी पुस्तकी मराठी त्यांना. एका व्यापाऱ्याच्या घरामागच्या खोलीत मी राहायचे आणि दिवेलागणीला समुद्राचा आवाज ऐकू येत नाही म्हणून रडायचे. तीन महिन्यांत हरले. 'बाबा, मला न्यायला या' एवढंच लिहिलेलं पत्र आठवडाभर पिशवीत घेऊन हिंडत होते… टाकायचा धीर होत नव्हता.

तिकडे मसोलीला राहणारे मोरूभाऊ डहाणूच्या एका भातगिरणीत कामाला होते. त्या दिवशी गिरणीचा पट्टा तुटला आणि अवचित सुट्टी मिळाली. दुसऱ्या कुणी घरची कामं उरकली असती. यांनी सायकल काढली. वहिनींनी तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून देत विचारलं, "कुठे?" तर म्हणाले, "बघतो." हस्ताचे दिवस. घोलवडपर्यंत इतकं धुकं की समोरून बैलगाडी येतेय हे घुंगरांवरूनच कळावं. बोर्डीला लख्ख ऊन पडलं. तिथे एका दुकानदाराने हटकलं, "केम भाई, क्यां चाल्या?" हे म्हणाले, "एम ज, फरवा." उगाच फिरायला! त्या भल्या माणसाला वाटलं, बायकोशी भांडून निघालाय. त्याने यांना बसवून घेतलं, गूळ-शेंगदाणे दिले आणि संसार कसा करावा यावर अर्धा तास समजूत घातली. हे सांगताना मोरूभाऊ वहिनींकडे बघत आणि वहिनी, "बरं केलं त्याने," म्हणत. समुद्राकडे पाठ करून ते तलासरीच्या दिशेला वळले तशा विजा कडाडू लागल्या. ओढ्याला पाणी आलेलं, सायकल खांद्यावर घेऊन तो ओलांडला. पुन्हा ऊन, दोन्ही बाजूंच्या भातखाचरांतून वाफा निघतायत, आणि अंगावरचा सदरा वाळतो न वाळतो तोच पुन्हा सर. त्या सरीत ते आमच्या शाळेच्या ओसरीत शिरले.

शाळेवर पत्रे होते. पाऊस कोसळला की माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. म्हणून मी फळ्यावर बेरजा लिहीत होते आणि मुलं बोटं वर करून उत्तरं देत होती. सहा आणि पाच लिहिलं. सगळी गोंधळली. मागच्या एका चिमुरडीने दहा बोटं वर केली, क्षणभर विचार केला आणि एक पायही वर केला. ती धपकन पडली, वर्ग हसला, मीही पोट धरून हसले. खिडकीशी कुणी उभं आहे हे मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही.

पाऊस ओसरल्यावर बाहेर आले. "कोण हवंय?"

"कुणी नाही."

"मग काय काम काढलंत?"

"काम काही नाही, फिरायला आलोय."

"डहाणूहून? सायकलवर? एकटे?"

"माझ्याबरोबर येणार कोण, बाई?"

मी चिंचणीची म्हटल्यावर त्यांनी सहज विचारलं, घरी काही निरोप? झालं. पत्र काढून त्यांच्या हातात दिलं, डोळे भरून आले, म्हटलं, "बाबांना द्या. ते मला न्यायला येतील." त्यांनी पत्र टोपीत ठेवलं, टोपी घट्ट बसवली आणि निघाले. घराकडे वळायचं सोडून ते वाणगाववरून, समोरून येणारा खारा वारा छातीवर घेत, तिन्हीसांजेला चिंचणीला पोचले.

बाबांनी पत्र वाचलं. विचारलं, "तुम्ही पाहिलंत ना तिला? रडत होती?"

"पत्र देताना रडत होत्या," मोरूभाऊ म्हणाले. "त्याआधी हसत होत्या. दोन्ही खरं आहे." आणि अकराची बेरीज त्यांनी बाबांना ओटीवर एक पाय वर करून दाखवली.

चौथ्या दिवशी बाबा आले. ट्रंक बांधायला काथ्याचा दोर आणला होता. वर्गात मागे जाऊन बसले, दुपारपर्यंत उठले नाहीत. मुलांनी त्यांनाही बोटांवर बेरजा घातल्या, आणि माझे बाबा, ज्यांना मी कधी खळखळून हसताना पाहिलं नव्हतं, ते डोळे पुसेपर्यंत हसले. निघताना म्हणाले, "पोरी, दोर इथेच ठेवतो. कपडे वाळत घालायला होईल." आणि एकटेच परत गेले.

मी दोन महिने मोरूभाऊंवर धुमसत होते. ते पुन्हा आले, पिशवीभर चिकू घेऊन, तेव्हा चांगलं फैलावर घेतलं. "तुम्हाला मध्ये कुणी बोलायला सांगितलं होतं?" ते शांतपणे म्हणाले, "बाबांनी विचारलं. पाहिलं ते सांगितलं." मी त्याच भागात पस्तीस वर्षं शिकवलं, पहिल्या दोन वर्षांतच मुलांची बोली शिकले, तिथेच संसार केला. पाय वर करणारी ती चिमुरडी पुढे माझ्याच शाळेत शिकवायला आली. आणि दर हस्तात, एखाद्या ढगाळ दिवशी, ओसरीत त्यांच्या सायकलची घंटी वाजायची.

गेल्या आठवड्यात मसोलीला जाऊन आले. पाच वाजले तशा वहिनी परसात गेल्या आणि बंब पेटवायला बसल्या. मोरूभाऊ फिरून आले की त्यांना अंघोळीला कढत पाणी लागायचं. लग्न झाल्यापासून तो बंब संध्याकाळी पेटतोय. मी शेजारी टेकले. एक काटकी पुढे सरकवत विचारलंच, "वहिनी… आता कशाला?"

त्यांनी फुंकणी बाजूला ठेवली. "इतकी वर्षं त्यांचं होऊन उरलेलं कोमट पाणी माझ्या वाट्याला यायचं," त्या म्हणाल्या. "आता पहिलं कढत पाणी माझं." आणि हसल्या. धुराने म्हणा, कशाने म्हणा, डोळे दोघींचेही ओले होते. पाणी तापेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.